सिंगल-शॉट रायफलचा दस्ता: आधी बैठक, मग आकार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुनी फॉलिंग ब्लॉक पद्धतीची सिंगल-शॉट शिकारी रायफल आहे (एका वेळी एकच काडतूस घेणारी; लिव्हर ओढली की नळीचे मागचे तोंड बंद करणारा ब्लॉक खाली सरकतो), मूळ दस्ता मुठीपाशी तडकलेला आहे, सुतारकामाचा हात चांगला आहे पण बंदुकीचा दस्ता कधी केलेला नाही. अक्रोडाचा नवा दस्ता स्वतः करायचा तर सुरुवात कुठून करावी, लाकूड कोणते घ्यावे आणि तो पुन्हा त्याच जागी तडकू नये म्हणून काय करावे?

करता येईल, आणि अवश्य करा. मात्र फर्निचरच्या कामात अंगवळणी पडलेल्या काही गोष्टी इथे बाजूला ठेवाव्या लागतील. दस्त्याचा बाहेरचा आकार हा या कामातला सोपा भाग आहे. अवघड आहे ती लाकडाच्या पुढच्या तोंडाची पोलादावरची बैठक. काडेपेटीपेक्षा फार मोठी नसलेली ही जागा गोळी सुटताना सगळा धक्का झेलते. ती नीट बसली तर साध्या, बिननक्षीच्या लाकडाचा दस्ताही पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. ती चुकली तर कितीही महागाचे लाकूड वाचत नाही.

बोल्ट-ॲक्शन रायफलचा (जिचा बोल्ट हाताने मागे-पुढे सरकवतात) दस्ता बहुधा सलग एकाच लाकडाचा असतो. तिथे रिसीव्हर लाकडाच्या आत झोपलेला असतो आणि धक्का रिकॉइल लगवरून, म्हणजे रिसीव्हरखालच्या पोलादी खुंटीवरून, लाकडात उतरतो. सिंगल-शॉटमध्ये रिसीव्हर म्हणजे मधला पोलादी ठोकळा. त्याच्या मागे खांद्याला टेकणारा बट आणि पुढे नळीखालचा फोरएंड असे दोन वेगळे तुकडे असतात. बट बसवण्याच्या मुख्य पद्धती दोन. विंचेस्टर १८८५ घ्या. जॉन ब्राउनिंग यांचे हे १८७९ चे पेटंट विंचेस्टरने १८८३ मध्ये विकत घेतले. या रायफलमध्ये रिसीव्हरच्या मागे वर आणि खाली अशा दोन पोलादी पट्ट्या, म्हणजे टँग, निघतात. लाकूड त्यांच्या मध्ये मागून सरकवायचे आणि स्क्रूने आवळायचे. दुसरी पद्धत आरपार बोल्टची. मार्टिनी-हेन्रीमध्ये आणि १९६७ मध्ये आलेल्या रूगर नंबर वनमध्ये बटच्या मागच्या तोंडातून एक लांब बोल्ट जातो आणि सगळे लाकूड रिसीव्हरवर ओढून धरतो. तुमची रायफल यातल्या कोणत्या घराण्यातली आहे ते आधी पाहा, कारण कामाचा क्रम त्यावर ठरतो.

जुना दस्ता टाकून देऊ नका, तडकलेला असला तरी. मापांसाठी तो लागेलच, शिवाय रायफल मूळ स्वरूपात असेल तर संग्राहकाच्या दृष्टीने त्या दस्त्याला स्वतःची किंमत असते. पोलादाला कानस लावू नका. लाकूड धातूला जुळवायचे, धातू लाकडाला नाही. आणि जुनी रायफल असल्यामुळे लाकडावर खर्च करण्याआधी जाणत्या बंदूक-कारागिराकडून नळी आणि ब्लॉक तपासून घ्या. काम सुरू करताना चेंबर (काडतूस बसते ती जागा) रिकामा आहे ना ते डोळ्यांनी आणि बोटानेही पाहा. मग ब्लॉक काढून बाजूला ठेवा आणि काम संपेपर्यंत तो परत बसवू नका. लिव्हर तपासायच्या वेळेपुरता अपवाद करा.

आता दस्त्यावरची ती तडक (भेग) काय सांगते ते पाहा. टँगच्या मागच्या टोकापासून तडक सुरू होऊन बटकडे गेली असेल, तर कारण जवळजवळ नेहमी एकच असते: रिसीव्हरची मागची बाजू लाकडावर टेकलेली नव्हती, सगळा धक्का पट्टीच्या टोकावर येत होता आणि पट्टी पाचरीचे काम करत होती. अमेरिकन काळ्या अक्रोडाचे आकडे पाहिले की हे लगेच पटते. वाळलेले लाकूड तंतूंच्या दिशेने दाबले तर ते सुमारे ५२ मेगापास्कलपर्यंत तग धरते. तंतू एकमेकांपासून फाडायला मात्र ५ मेगापास्कलही लागत नाहीत. म्हणजे त्याच लाकडाची एका दिशेची ताकद दुसरीच्या दसपट. धक्का दाबाच्या रूपाने तंतूंच्या टोकांवर पोहोचवायचा आणि पाचर कुठेही तयार होऊ द्यायची नाही, एवढेच आपल्याला साधायचे आहे. तडक मुठीच्या मधोमध तिरकी गेली असेल तर दोष लाकडाच्या मांडणीत आहे. तंतू मुठीला आडवे छेदून बाहेर पडत होते.

लाकूड अक्रोडाचेच घ्या. मॅपल, चेरी आणि इतरही काही लाकडे चालतात, पण पहिल्या दस्त्याला अक्रोडासारखे समजूतदार लाकूड नाही. युरोप-आशियाचा अक्रोड, जुग्लान्स रेजिया, बारीक छिद्रांचा असतो, पटाशीखाली स्वच्छ कापला जातो आणि चेकरिंगच्या, म्हणजे पकडीसाठी कोरलेल्या तिरप्या जाळीच्या, बारीक रेषा धरून ठेवतो. बाजारात तो फ्रेंच, तुर्की, सर्केशियन अशा नावांनी येतो, पण झाड तेच. अमेरिकन काळा अक्रोड, जुग्लान्स नायग्रा, जरा मोठ्या छिद्रांचा असतो, पण मजबूत आणि भरवशाचा. कॅलिफोर्नियाचा क्लॅरो रंगाने विलक्षण सुंदर असतो, मात्र त्यातली बरीच लाकडे मऊ निघतात. जोराच्या धक्क्याच्या रायफलला मी तो सुचवत नाही. क्लॅरो आणि रेजिया यांच्या संकरातला बॅस्टॉन जड आणि कणखर असतो. मोठ्या काडतुसासाठी तो उत्तम, पण पटाशीची धार सतत राखावी लागते.

दोन तुकड्यांच्या दस्त्याचा एक मोठा फायदा असा की लांब, सलग फळी लागत नाही. बटसाठी साधारण ५०० मिमी लांब, १७० मिमी रुंद, ६५ मिमी जाड ठोकळा पुरतो. फोरएंडसाठी ३५० मिमी लांब आणि ६० मिमी चौकोनी तुकडा. शक्य असेल तर दोन्ही एकाच फळीतून कापा. वेगवेगळ्या झाडांची लाकडे तेल लावल्यावर वेगळी दिसतातच, रंग देऊन कितीही जुळवा.

लाकूड निवडताना नक्षीकडे शेवटी पाहा. आधी ठोकळ्याच्या चारही बाजू रंध्याने साफ करा आणि रेषा कुठून कुठे जातात ते खडूने आखा. वरच्या बाजूला दिसणारी नक्षी फसवते. तंतूंची खरी दिशा बाजूच्या आणि वरच्या, दोन्ही पृष्ठांवर एकत्र पाहिली तरच कळते. मुठीच्या जागी रेषा सरळ आणि मुठीच्या अक्षाला समांतर हव्यात. पिस्तूल-ग्रिप (खाली वळलेली मूठ) असेल तर तिथे रेषा किंचित खाली वळणाऱ्या असल्या की सोन्याहून पिवळे. नक्षी, लाटा, काळ्या शिरा हे सगळे मुठीच्या मागे, गालाखालच्या रुंद भागात येऊ द्या. तिथे ताण कमी असतो आणि जागा मोठी असल्यामुळे नक्षी खुलूनही दिसते. पुढच्या तोंडापासून हातभर अंतरात गाठ, साल किंवा केसाएवढी भेग दिसली तर तो ठोकळा कितीही देखणा असला तरी दुसऱ्या कामाला ठेवा.

ओलाव्याबद्दल ६ ते ८ टक्के हा आकडा सगळीकडे वाचायला मिळतो. तो कोरड्या हवेच्या प्रदेशांचा आहे. लाकूड भोवतालच्या हवेशी जुळवून घेते: हवेतली सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात साधारण ६ टक्के ओलावा टिकतो, ५० टक्क्यांना ९ च्या आसपास आणि ८० टक्क्यांना १६ पर्यंत. तेव्हा रायफल जिथे राहणार आहे तिथल्या हवेत लाकूड स्थिरावले पाहिजे, हे खरे माप. मीटर नसेल तर साधा तराजू पुरतो. ठोकळ्याचे वजन दर आठवड्याला लिहून ठेवा आणि ते कित्येक आठवडे हलले नाही की लाकूड तयार समजा. उघड्या हवेत वाळवताना जाडीच्या दर इंचाला एक वर्ष हा जुना हिशेब अजूनही खोटा ठरलेला नाही. वाळत असताना दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावा, नाहीतर टोके आधी वाळून चिरतात.

याची काळजी एवढी का करायची? काळा अक्रोड हिरव्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत स्पर्शरेषेच्या दिशेने (वर्षवलयांच्या बाजूने) ७.८ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने (वलयांना आडवा) ५.५ टक्के आकसतो. लांबीत जवळजवळ नाहीच. ४० मिमी रुंदीच्या भागात ओलावा ४ टक्क्यांनी उतरला तर स्पर्शरेषेच्या दिशेने जवळपास ०.४ मिमी आकुंचन होते. रिसीव्हरच्या कडेशी नखालाही न जाणवेल असा सांधा तुम्ही बसवला असेल, तर एवढ्या फरकाने तिथे पोलाद लाकडाच्या बाहेर डोकावू लागते.

लाकडाला हात लावण्याआधी माणसाची मापे घ्या. जुन्या रायफलींचे दस्ते उघड्या माशीसाठी (दुर्बिणीविना नेम धरायच्या नळीवरच्या खुणेसाठी) घडवलेले असतात, म्हणून त्यांची वरची धार बरीच खाली उतरते. माशीच्या रेषेपासून मोजली तर पुढे सुमारे ३८ मिमी आणि टाचेपाशी, म्हणजे बटच्या मागच्या वरच्या टोकाशी, ६० मिमीच्या घरात. अशा दस्त्यावर दुर्बीण बसवली की गाल हवेत राहतो, डोळा वर उचलावा लागतो आणि धक्क्याबरोबर दस्ता उसळून गालाच्या हाडावर आपटतो. दुर्बिणीसाठी नळीच्या मध्यरेषेपासून मोजून पुढे १२ ते १६ मिमी आणि टाचेपाशी २० ते २८ मिमी उतार ठेवला तर बहुतेकांना जमतो. धार जितकी सपाट तितका धक्का सरळ खांद्यात जातो. ट्रिगरपासून बटच्या मधोमध लांबी ३४३ मिमीच्या आसपास धरून सुरुवात करा आणि जाड कपड्यांत शिकार करणार असाल तर ती थोडी कमी करा. उजव्या खांद्याच्या माणसासाठी टाच ३ ते ६ मिमी उजवीकडे झुकवली तर डोळा आपसूक रेषेत येतो.

हे आकडे कागदावर ठीक आहेत, पण खरी परीक्षा डोळे मिटून होते. साध्या, स्वस्त लाकडाचा एक कच्चा दस्ता आधी करा. त्याची बैठक ओबडधोबड चालेल. रायफल रिकामी असताना डोळे मिटून ती खांद्याला लावा, गाल आरामात टेकवा आणि मग डोळे उघडा. माशी किंवा दुर्बीण जिथे दिसायला हवी तिथे दिसली तर मापे बरोबर. नसेल तर कच्च्या दस्त्यावर पट्टी चिकटवा, कापा, पुन्हा पाहा. चांगल्या अक्रोडावर असे प्रयोग करता येत नाहीत. शिवाय कच्च्या दस्त्यावर पटाशीचा हातही बसतो.

आता खरे काम. आरपार बोल्टची रायफल असेल तर ठोकळा चौकोनी असतानाच भोक पाडा. आकार दिल्यानंतर भोक पाडायला गेलात तर धरायला सपाट जागा उरत नाही आणि ड्रिल तंतूंच्या मागे भरकटते. पुढचे तोंड रिसीव्हरच्या मागच्या बाजूशी जुळेल असे अचूक कापा आणि भोकाची सुरुवात तिथूनच करा, कारण बोल्ट रिसीव्हरमध्ये ज्या कोनात शिरतो तो कोन पुढच्या तोंडाशी नेमका जुळणे महत्त्वाचे आहे. मागच्या टोकाला ड्रिल एक-दोन मिमी इकडेतिकडे निघाले तरी फरक पडत नाही, तिथे बोल्टच्या डोक्यासाठी आणि पान्यासाठी मोठ्या व्यासाचे भोक करायचेच असते. भोक तयार झाले की तेच तुमची मुख्य रेषा. बटचा सगळा आराखडा त्याच्याभोवती आखा, ठोकळ्याच्या कडांवरून नाही.

टँगच्या रायफलीत आधी पट्ट्यांसाठी खाचा येतात. वरच्या आणि खालच्या पट्टीचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून घ्या, ठोकळ्यावर आखा आणि रेषेच्या आत राहून कोरा. जुन्या, चांगल्या बनावटीच्या पट्ट्या मागे किंचित निमुळत्या असतात, त्यामुळे लाकूड सरकताना शेवटच्या मिलीमीटरभरातच घट्ट होते. तुमच्या पट्ट्या समांतर असतील तर खाचेच्या बाजू शेवटपर्यंत थोड्या अपुऱ्या ठेवा आणि एकेक पापुद्रा काढत जा.

इथून पुढे घाई नाही. दिव्याची काजळी घ्या आणि थोड्या व्हॅसलीनमध्ये कालवा. बाजारात यासाठी तयार रंग मिळतो, पण काजळीही तेच काम करते. बोटाने रिसीव्हरच्या मागच्या बाजूला इतका पातळ थर लावा की खालचे पोलाद धूसर दिसेल. थर जाड झाला तर तो न टेकलेल्या जागीही छाप पाडतो आणि तुम्ही चुकीचे लाकूड काढता. आता लाकूड सरळ रेषेत सरकवा, मागून रबरी हातोडीने एकदा हलकेच ठोका आणि तसेच सरळ बाहेर काढा. पहिल्यांदा दोनच ठिपके दिसतील, बहुधा एखाद्या कोपऱ्यावर. तेवढेच ठिपके रुंद, वस्तऱ्यासारख्या धारदार पटाशीने खरवडून काढा. ठिपक्याच्या शेजारच्या कोऱ्या लाकडाला हात लावायचा नाही. पुन्हा थर, पुन्हा ठोका, पुन्हा पाहा. ठिपके वाढत जातात, पसरतात, एकमेकांना मिळतात. चार-पाच फेऱ्यांनी काही होत नाही असे वाटते आणि मग अचानक अर्धे तोंड काळे होते. तोंडाचा निदान तीन चतुर्थांश भाग सारखा काळा होईपर्यंत, आणि तो काळेपणा वर, खाली, डावीकडे, उजवीकडे समतोल असेपर्यंत थांबू नका. नुसता वरचा अर्धा टेकला असेल तर धक्क्याबरोबर बट खाली वाकू पाहील, डावा टेकला असेल तर उजवीकडची बाजू फाटेल.

बोल्ट आवळून लाकूड आत ओढून घेण्याचा मोह फार होतो. सुरुवातीच्या फेऱ्यांत तो आवरा. बोल्टमध्ये एवढा जोर असतो की उंच राहिलेले ठिपके चिरडले जातात आणि सगळीकडे खोटी छाप उमटते. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत मात्र बोल्ट नेहमीच्या ताणाने आवळूनच तपासा, कारण प्रत्यक्षात लाकूड त्याच ताणाखाली राहणार आहे.

आणि फर्निचरची सवय नडते ती नेमकी इथे. सांधा बाहेरून केसाचीही फट न राहता मिटलेला दिसावा म्हणून चांगले सुतार मधला भाग किंचित खोल कोरतात, म्हणजे कडा घट्ट बसतात. खुर्चीला ते चालते. इथे मध्य खोल केला तर सगळा धक्का भोवतीच्या पातळ कडेवर येतो आणि कडेचे तुकडे उडतात. उलट करा. कडेला बाहेरून न दिसणारी अगदी बारीक उतरण द्या आणि भार मधल्या भागावर घ्या.

टँगच्या मागच्या टोकामागे मात्र मोकळी जागा हवी. बैठक पूर्ण झाल्यावर तिथे ०.३ ते ०.५ मिमी लाकूड काढा. पातळ कार्ड सहज सरकेल एवढी फट. बाहेरून ती दिसते, आणि काहींना ती कारागिरीतली त्रुटी वाटते. ती ठेवा. पुढचे तोंड काळाच्या ओघात थोडे दबले तरी पट्टी पाचर होणार नाही, याची हमी ही फट देते. टँग-स्क्रूचे भोकही स्क्रूपेक्षा किंचित मोठे ठेवा, म्हणजे स्क्रू फक्त आवळेल, धक्का घेणार नाही. मार्टिनीमध्ये लाकडाचे टोक रिसीव्हरच्या सॉकेटमध्ये जाते. तिथे सॉकेटच्या भिंतींवर पाचर बसू देऊ नका, भार लाकडाच्या टोकाभोवतीच्या खांद्यावर (पायरीवर) आणि सॉकेटच्या तळावर घ्या.

बैठक जमल्यावर पुढच्या तोंडाला पातळ इपॉक्सी पाजा. तंतूंची उघडी टोके स्पंजासारखी ओलावा आणि तेल ओढतात, आणि जुन्या रायफलींतले कित्येक दस्ते बंदुकीच्या तेलानेच पुढच्या तोंडाशी काळे, मऊ होऊन गेलेले असतात. जोराच्या काडतुसासाठी संपूर्ण बैठकीला इपॉक्सीचा पातळ थर देणे मी योग्य मानतो. पण तो लाकडाच्या चांगल्या बैठकीवरचा शेवटचा हात आहे, चांगल्या बैठकीला पर्याय नाही. इपॉक्सी लावताना धातूला रिलीज एजंट (इपॉक्सी चिकटू न देणारा लेप) दोनदा लावा आणि स्क्रूची भोके, खोबणी मातीने बुजवा. एखाद्या खोबणीत इपॉक्सी अडकली तर लाकूड फोडल्याशिवाय सुटत नाही.

आता बाहेरचा आकार. बटची वरची आणि खालची रेषा आधी काढा, मग बाजूंची जाडी, आणि शेवटी गोलाई. रास्प (दातेरी कानस), स्पोकशेव्ह (दोन मुठींचा छोटा रंधा), कानस, मग पॉलिश पेपर हा क्रम. रिसीव्हरच्या कडेला लाकूड पोलादापेक्षा ०.४ ते ०.५ मिमी उंच सोडा आणि ते अगदी शेवटी, रिसीव्हर बसवलेल्या अवस्थेत, सपाट ठोकळ्यावर पेपर गुंडाळून उतरवा. बोटांनी पेपर धरला तर कडा गोल होतात आणि सांध्याची सगळी धार जाते. मुठीचा छेद अंडाकृती ठेवा. नवशिक्यांच्या हातून मूठ जाड राहते, फोडण्याच्या भीतीने. पण तंतू सरळ असतील तर योग्य जाडीची मूठ पुरेशी मजबूत असते.

सिंगल-शॉटमध्ये लिव्हरचा विचार आकार देताना सतत करावा लागतो. लिव्हर पूर्ण खाली येते तेव्हा मुठीच्या पुढच्या भागाला घासता कामा नये आणि बंद असताना तिच्या आणि मुठीच्या रेषा एकमेकींना साजेशा दिसल्या पाहिजेत. रूगर नंबर वनचा दस्ता लेनार्ड ब्राउनेल या नामांकित दस्ताकारागिराच्या हातचा. पिस्तूल-ग्रिप आणि लिव्हर यांची वळणे तिथे कशी एकमेकांत मिसळली आहेत ते पाहण्यासारखे आहे. ब्लॉक बसवा, लिव्हर हलवा, बोटे आत-बाहेर करून पाहा, मगच मुठीचा शेवटचा आकार ठरवा.

फोरएंड लहान दिसतो, पण नेम बिघडवण्यात त्याचा वाटा मोठा असतो. नळी तापते, वाकते, कंप पावते. फोरएंड तिला एका बाजूने ढकलत असेल तर गोळ्या सरकत जातात. नळीच्या खोबणीत सगळीकडे जाड कागदाएवढी मोकळीक ठेवा आणि फोरएंडचे मागचे तोंड रिसीव्हरवर काजळीने तसेच जुळवा जसे बटचे जुळवले. रूगरमध्ये फोरएंड रिसीव्हरमधून पुढे निघालेल्या पोलादी हँगरला अडकतो, नळीला नाही. त्या हँगरवर लाकडाचा ताण वरच्या दिशेने गेला तर तो नळीपर्यंत पोहोचतो. स्क्रू आवळताना लाकूड कुठे वाकते का ते बोट लावून पाहा. वाकत असेल तर खाच पूर्ण बसलेली नाही.

पॉलिश पेपर १२० पासून ३२० पर्यंत न्या. २२० नंतर ओल्या फडक्याने लाकूड पुसा आणि हेअर ड्रायरने वाळवा. दबलेले तंतू उभे राहतात, ते नव्या पेपरने कापा. तंतू उभे राहणे थांबेपर्यंत हे करा. छिद्रे भरण्यासाठी तेल-वार्निश मिश्रण लावून ओल्या अवस्थेतच ३२० किंवा ४०० ने घासा. लाकडाची जी बारीक पूड निघते तीच छिद्रांत बसते, आणि रंग अर्थातच तंतोतंत जुळतो. नुसते जवसाचे तेल दिसायला सुरेख, पण ओलावा अडवण्यात कमजोर. पावसापाण्यातल्या रायफलला तेलात वार्निश मिसळलेलेच द्या, पातळ थरांत, प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन. खाचांच्या आत, बोल्टच्या भोकात आणि बट-प्लेटखालीही (बटच्या मागच्या तोंडावरच्या पट्टीखाली) थर द्या. ओलावा शिरतो तो बहुधा तिथूनच. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून ठेवू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. अक्रोडाची धूळ श्वासाला त्रास देते, म्हणून मास्क लावूनच घासा.

चेकरिंग फिनिशनंतर. त्याने मूठ ओल्या हातातही घसरत नाही, आणि तेवढ्यासाठीच ती असते. पहिल्यांदा इंचाला २० रेषा पुष्कळ झाल्या. २४ च्या वर घट्ट रेजियाच टिकतो, मऊ लाकडात रेषांमधल्या हिऱ्यांच्या आकाराच्या दाण्यांची टोके तुटतात. हिऱ्याची लांबी रुंदीच्या तिप्पट ठेवली तर दोन मुख्य रेषांमधला कोन ३७ अंशांच्या जवळ येतो. या दोन मुख्य रेषा चुकल्या तर पुढची प्रत्येक रेषा चुकते, म्हणून त्यांना वेळ द्या. बाकीच्या रेषा दुहेरी पात्याचे हत्यार आधीच्या रेषेत चालवून येतात. कच्च्या दस्त्यावर आधी सराव करा, वळणाच्या जागी खास. कापून झाल्यावर पातळ केलेले तेल ब्रशने खाचांत फिरवा.

पहिल्यांदा गोळ्या झाडायला जाल तेव्हा बोल्टखाली स्प्रिंग वॉशर आहे ना ते पाहून जा. लाकूड थोडे दबते किंवा आकसते तेव्हा ताण तोच वॉशर राखतो. पहिल्या काही गोळ्यांनंतर बोल्ट पुन्हा आवळा. टेबलावरून नेम धरताना वाळूची पिशवी फोरएंडच्या टोकाखाली ठेवू नका, रिसीव्हरच्या जवळ ठेवा. टोकाखाली ठेवली तर हँगर वाकतो आणि गोळ्या वर-खाली पसरतात. तरीही उभी रांग पडत असेल, तर नळी थंड होऊ द्या आणि पुन्हा झाडा. थंड नळीने गोळ्या एकत्र येत असतील आणि तापल्यावर वर चढत असतील, तर फोरएंड काढा, खोबणीत कुठे लाकूड चकचकीत झाले आहे ते पाहा आणि तेवढीच जागा खरवडा. खरवडलेल्या जागेला त्याच दिवशी तेल-वार्निशचा एक थर द्या.